कवाडं नसलेला दरवाजा

गाविलगडाची कवाडं साहेबाच्या माणसांनी उतरवली, त्या दिवशी माझे वडील, आबा, जेवले नाहीत. मला तेवढंच आठवतं, बाकीचं ऐकीव. तट ठिकठिकाणी पाडला, तोफांच्या कानांत खिळे ठोकले आणि शिबंदीच्या शिपायांना घरी जा म्हणून सांगितलं. लोक एकेक करून खाली उतरले. आम्ही राहिलो. आबांच्या घराण्याकडे त्या दरवाजाची राखण पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि ती काढून घेतली असं त्यांना तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं. कवाडं नेणाऱ्यांनी कवाडं नेली, दरवाजा तर जागच्या जागी आहे, असं ते म्हणायचे. या माणसाशी वाद घालून काही उपयोग नसे. मी मात्र आयुष्यभर घातला.

दरवाजा म्हणजे आता नुसती दगडी कमान. आबांनी तिच्यात छातीच्या उंचीवर एक आडवा बांबू बसवला. दिवस बुडाला की तो लावायचा आणि उगवला की काढायचा. मधल्या वेळात आत कोणी यायचं नाही, खुद्द किल्लेदार आला तरी नाही, हा गडाचा जुना रिवाज. किल्लेदार केव्हाच गेला होता. दरवाजापासून थोड्याच अंतरावर तट असा ढासळला होता की आमच्या दोन म्हशी तिथून खुशाल जा-ये करत. पण म्हशींना रिवाज लागू नाही, असं आबांचं म्हणणं.

त्यांच्या लेखी सगळा इतिहास दोन नद्यांमध्ये मावायचा. गडाच्या पलीकडे तापी, अलीकडे पूर्णा, आणि मध्ये आपण. "तापी ओलांडून येवो नाई तं पूर्णा, त्याले आपल्या दारात थांबाच लागते," ते सांगायचे. साहेबानं गड घेतला तेव्हा माझे पणजोबा याच दरवाजावर होते. तोफांनी तट पाडून फौज आत आली. त्या गोष्टीत आबांना हार कधी दिसलीच नाही. तट पडला, पण आपला दरवाजा आपण उघडला नाही, एवढंच ते धरून बसले होते. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज चढायचा आणि ऐकायला मी एकटीच असायची.

मला या इतिहासाचा कंटाळा होता. मला नदी बघायची होती. गडावर तळी आहेत, पाणी भरपूर, पण तळ्याचं पाणी कुठं जात नाही. थंडीत सकाळी हवा निवळली की दूर खाली पूर्णेची पांढुरकी रेघ दिसायची. तिथं घाटावर बायका एकमेकींशी बोलत धुणी धुतात, असं आईनं सांगितलेलं. आई मी लहान असतानाच गेली. माझ्या वयाच्या पोरी आपापल्या आईबापांबरोबर उतरून गेल्या. उरले आबा, मी आणि एक म्हातारे गोलंदाज. त्यांना मी चाचा म्हणे. त्यांची तोफ मुकी झाली तरी ते रोज तिच्यावरची धूळ पुसायचे. दोन म्हाताऱ्यांमध्ये मी वाढले. कधीकधी दिवसभर माझ्या तोंडून म्हशींना हाकण्यापलीकडे शब्द निघायचा नाही, आणि मग संध्याकाळी उगाच रडू यायचं.

त्याच सुमारास खाली कापसाचे दिवस आले. समुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली म्हणे, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आम्हाला वरून नुसती धूळ दिसायची. अमरावतीकडे जाणाऱ्या बैलबंड्यांची धूळ, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. चाचा तूप विकायला अंजनगावच्या बाजाराला जात. परत आले की सांगत, कुनब्यांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, गवंड्यांना उसंत नाही, जो तो नवं घर बांधून राहिला. असंच एकदा ते माझ्यासाठी स्थळ घेऊन आले. मुलगा पूर्णेकाठच्या गावचा. घरची काळी कसदार जमीन. गावाचं नाव ऐकण्याआधी मी विचारलं, घरापासून नदी किती लांब? चाचा हसले. "अंगनातून पाय टाकला का पान्यात," ते म्हणाले.

मी तेव्हा चांगलीच थोराड झाले होते. गडावरच्या, बिनआईच्या पोरीला विचारणार कोण? त्यामुळे आबांनीही आढेवेढे घेतले नाहीत. त्यांची एकच अट होती. लग्न गडावर होईल, आणि नवरदेवाचं सीमांतपूजन दरवाजात होईल. व्याह्यांनी मान्य केलं. माघातली तिथी धरली. आदल्या दिवशी दुपारपर्यंत मंडळींनी गड चढायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मुहूर्तावर अक्षता.

खालच्या गावातल्या दोन बायकांनी येऊन मला हळद लावली. मी आयुष्यात एवढी कधी हसले नव्हते. दुपार झाली, मंडळींचा पत्ता नाही. ऊन कलायला लागलं. आबा आरतीचं ताट घेऊन कमानीत उभे, आणि मी तटावरून वाट बघतेय. शेवटी खालच्या वळणावर लाल पागोटी दिसली. माझा जीव भांड्यात पडला. पण चढ अवघड होता, मंडळी दमलेली होती, आणि सूर्य काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. ते कमानीशी पोचायच्या जरा आधी दिवस बुडाला. आबांनी ताट खाली ठेवलं आणि बांबू लावला.

व्याही आधी हसले. त्यांना ही लग्नातली थट्टा वाटली. पूर्णेच्या पात्रात उतारावर कापसाच्या बंड्या रेतीत रुतल्या होत्या, त्यांच्या मागं आमच्या दमण्या-गाड्या अडकून पडल्या, असं ते सांगायला लागले. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"दिवस बुडाला, व्याही. आता सकाळीच. जेवन अन् घोंगड्या चाचा म्हशीच्या वाटेनं आनून देतीन."

"मंग आमीच येतो न त्या वाटेनं!"

"तिथून दुश्मन येते," आबा म्हणाले. "सोयऱ्यानं दरवाज्यातूनच या."

हे ते मानानं बोलत होते, हे मला कळत होतं. पण माझ्याशिवाय ते कोणाला कळणार? व्याह्यांचा चेहरा उतरला. "दार नाई, कवाड नाई, अन् हा मानूस आमाले अडवून राह्यला!" ते मागं वळून आपल्या लोकांना म्हणाले. चाचांनी आबांचा हात धरला, विनवण्या केल्या. आबा हलले नाहीत. नवरदेव एका धोंड्यावर बसला होता. मुंडावळ्या एका कानामागं सारलेल्या, जोडे काढलेले, आणि तो टाच चोळत होता. मला तो तेव्हा फार आवडला.

मग व्याही सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरीले बाहेर पाठवा. लगन आमी आमच्या गावी लावू, नदीकाठी."

मी तटावरून उतरून आबांच्या मागं उभी होते, हळदीच्या अंगानं. अजून उजेड होता. बांबूखालून वाकलं की मी बाहेर. नदीकाठी, हा शब्द माझ्या कानात घुमत होता. आबा नुसतं 'जा' म्हणाले असते तरी पुरे होतं. ते समोर बघत उभे राहिले, आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे. मग मंडळी उठली. नवरदेवानं जोडे हातातच घेतले आणि अनवाणी उतरायला लागला.

सकाळी आबांनी बांबू काढला तेव्हा वाट मोकळी होती. हळद लागून राहिलेल्या पोरीला पुन्हा कोणी विचारलं नाही. त्याच महिन्यात त्या मुलाचं दुसरीकडे झालं.

पुढे ती समुद्रापलीकडची लढाई संपली आणि भाव कोसळले. चाचाही गेले. घरात आम्ही दोघंच. एके दिवशी जेवताना मी काहीतरी टोचून बोलले, बहुधा मला त्या दिवशी जाऊ दिलं असतं तर तुमच्या भाकरी कोणी थापल्या असत्या, असं. आबांनी घास खाली ठेवला.

"बांबू आत येनाऱ्यासाठी रायते, बाई," ते म्हणाले. "जानाऱ्याले कोन अडवते? मी तुयी वाटच पाहून राह्यलो होतो. तू हालली नाई. मले वाटलं, पोरीले बापाले सोडून जायचं नाई."

इतकी वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि तो समजत होता की मी त्याच्या मायेनं राहिले! हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, कळेना. अंगाची लाही झाली. मी उष्ट्या हातानं उठले आणि तशीच दरवाजाकडे चालायला लागले. दिवस बुडून गेला होता. आबा मागून लगबगीनं आले आणि काही न विचारता त्यांनी बांबू उचलून धरला.

मी खालच्या वळणापर्यंत गेले. खाली अंधारात गावांचे दिवे होते. त्यांतल्या एकाही दिव्याजवळ मला ओळखणारं माणूस नव्हतं. थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. बांबू लावलेला होता. आबा पलीकडे उभे होते आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मी आत घ्या म्हणाले नाही. ते घ्यायचे नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हशींच्या वाटेचं नाव कोणीच काढलं नाही. त्यांनी बांबूवरून मला घोंगडी दिली आणि आतल्या बाजूला खाली बसले. मी बाहेर बसले. ते रात्रभर तिथून उठले नाहीत. मला खोकला आला की "थंडी वाजते का?" एवढंच विचारायचे.

उजाडल्यावर त्यांनी बांबू काढला आणि "ये" म्हणाले. मी आत गेले. दुसरीकडे कुठं जाणार होते?