गाडीले सांगा

आमच्या भाऊजींइतका निरुपयोगी हुशार माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घाटंजीत बाजाराच्या पलीकडं त्यांचं घर, अलीकडं आमचं. आमच्या घरात तेव्हा आई आणि मी, दोघीच. बाबा मी लहान असतानाच गेले होते, मी शाळेत शिकवत होते, आणि दोघी बायकांच्या घरावर कुणाचं तरी लक्ष हवं म्हणून ताई दर रविवारी आपल्या नवऱ्याला आमच्याकडं धाडायची. लक्ष ठेवायला आलेला हा माणूस आल्याबरोबर आपल्या पिकपचं तोंड उघडायचा आणि दिवस मावळेपर्यंत त्या तोंडात डोकं घालून उभा राहायचा. आमचं घर चोरानं उचलून नेलं असतं तरी त्यांना कळलं नसतं.

पिकप मिलिटरीच्या लिलावातली. वरून निळा रंग दिलेला, पण कुठं खरवडलं की आतला हिरवा डोकावायचा. कापसाची गाठोडी, बाजारची माणसं, शेळ्या, लग्नातली भांडी असं काहीही ती वाहून न्यायची, म्हणजे चालू असली तर. बहुतेक वेळ ती आमच्या अंगणातल्या लिंबाखाली उभी असायची आणि तिचे नटबोल्ट आईच्या पापडाच्या चटईवर वाळत पडलेले असायचे. एकदा मी म्हटलं, भाऊजी, एवढं मोठं इंजिन उघडता, आमच्या मागच्या दाराची कडी तेवढी बसवून द्या, वर्ष झालं लोंबकळते आहे. भाऊजींनी कडी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "हे लोहाराचं काम हाय." पुढं ती कडी मीच दगडानं ठोकून बसवली.

त्यांच्या कानांचं त्यांना भारी कौतुक. एक वेताची काठी इंजिनावर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही, ताट वाजवायचं नाही. ऐकून झालं की निदान व्हायचं, आणि निदान नेहमी एकच असायचं, रॉकर गेला. बरं, हा रोग गाडीपुरता राहिला असता तरी चाललं असतं. एकदा शेजारी भजन होतं. सगळी मंडळी तल्लीन झालेली, म्हातारीकोतारी डोळे पुसताहेत, आणि आमचे भाऊजी माझ्या कानाशी येऊन सांगतात, "तो कोपऱ्यातला टाळवाला पाह्य. त्याचा ट्यापेट ढिला हाय."

हे रॉकर प्रकरण मला नको असतानाही पाठ झालंय, म्हणून सांगते. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं झाकण असतं. ते काढलं की खाली एका दांडीवर लोखंडाचे छोटे हात ओळीनं बसवलेले दिसतात, ते रॉकर. खालून सळई एक टोक वर ढकलते, की दुसरं टोक खाली जाऊन झडप उघडतं. मुलं फळीच्या दोन टोकांना बसून वरखाली होतात, तसंच. प्रत्येक सिलिंडरला असे दोन. झिजले, किंवा त्यांच्या आणि झडपेच्या मधली फट वाढून ट्यापेट ढिला झाला, की टकटक वाजतात. झिजलेला काढावा, नवा घालावा, झाकण लावून मोकळं व्हावं. पण भाऊजी शेतकऱ्याच्या पोटचे. जोडीतला एक बैल बसला की नव्याच्या गळ्यात जुना बांधायचा नाही, दोन्ही बदलायचे, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं. तोच कायदा त्यांनी रॉकरला लावला. एक झिजला की त्याच्या शेजारचा धडधाकट रॉकरही नोकरीवरून निघायचा. "जोडीदार गेला का दुसऱ्याचं मन लागत नाई कामात," असं गंभीरपणे सांगायचे. मी विचारलं, लोखंडाला मन असतं? तर आतून ताई म्हणाली, "तुया भाऊजीचं हाय ना, ते सारं तिकडंच हाय." हे काढून टाकलेले चांगले रॉकर भंगारात जात नसत. त्यांच्या घरात एका कोनाड्यात मोबील तेलाच्या रिकाम्या डब्यात ते आराम करायचे, आणि पोळ्याच्या दिवशी बैलांना शिजवलेल्या ज्वारीचा ठोंबरा दिला की एक चिमूट त्या कोनाड्यातही पडायची. ताईनं हे सगळं कसं सोसलं, तिचं तिलाच ठाऊक.

आता आईचं सांगायला हवं. आमच्या घरची रीत कडक. सासूनं जावयासमोर यायचं नाही, त्याच्याशी तोंडानं बोलायचं नाही. आई दाराआड, भाऊजी ओट्यावर, आणि मध्ये मी. "सांग वं त्याईले, चहा ठेवला हाय." मी सांगायचं. ओट्यावरून भाऊजी, "सांग, साखर कमी टाका म्हना." मी वळून सांगायचं. दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत असायचं, पण मी सांगितल्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. हे काम मी लहानपणापासून करत आले होते आणि मला त्याचा मनापासून कंटाळा आला होता.

साठ सालच्या आगेमागे आईचे डोळे गेले. उजव्यात मोतीबिंदू झाला, तो आज काढू उद्या काढू म्हणताना तो डोळा कायमचा विझला. मग डाव्यात उतरला. चुलीतला जाळ दिसायचा नाही, बोटं भाजून घ्यायची. मला आवाजावरून ओळखायची, पण शाळेतून आल्यावर चेहरा चाचपायची आणि म्हणायची, "आज दमलीस का वं? मले दिसत नाई म्हनून इचारते." यवतमाळला वर्षातून एकदा डोळ्यांचं शिबिर भरायचं. आदल्या तपासणीत डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की मोतीबिंदू पुरता पिकलाय, या खेपेला काढला नाही तर हाही डोळा गेला म्हणून समजा. शिबिराच्या दिवशी दुपारच्या आत नाव लागायला हवं होतं. मला रात्र रात्र झोप नव्हती.

मी म्हटलं, सरळ सर्व्हिस मोटारीनं जाऊ. तर भाऊजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माही गाडी दारात उभी असतांना सासूनं मोटारीत धक्के खायचे?" त्या गाडीचं काय होतं म्हणाल, तर आठवड्यापूर्वीच एका रॉकरला तडा गेलेला त्यांना दिसला होता. यवतमाळहून जोडी मागवली, आली एकच. तो एकटा नवा रॉकर चिंधीत गुंडाळून खिशात घेऊन हा माणूस फिरत होता, पण बसवत नव्हता. का, तर त्याचा जोडीदार अजून यायचा होता. तडा गेलेल्या रॉकरवर गाडी चालत होती आणि नवा खिशात बसून होता. अशा माणसाच्या हातात मी आईचा डोळा दिला.

सकाळीच निघालो. भाऊजी चाकाशी, मध्ये मी, दाराशी आई. गाडीचा आवाज एवढा, की माझं दळणवळण ओरडून चाललं. "सांग त्याईले, खड्डा आला का आधी सांगत जा म्हना." मी ओरडून सांगितलं. "सांग, खड्डा काही सांगून येत नाई म्हना." मी आईकडं वळून ओरडले. घसा बसला. शेवटी मी वैतागून म्हटलं, आजपासून मी कुणाचं काही कुणाला सांगणार नाही. तुम्हांला बोलायचं असेल तर या गाडीला सांगा. आणि तोंड मिटून बसले. मग आईनं चाचपडत समोरच्या पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "गाडीबाई, जरा सबुरीनं चाल वं. म्हातारीचे हाडं हायेत." भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "गाडी म्हंते, मी सांभाळूनच चालून राह्यली." मी कपाळावर हात मारला. पण पुढचा सगळा रस्ता त्या दोघांच्या अशा गप्पा रंगल्या, की इतक्या वर्षांत माझ्यामार्फत कधी रंगल्या नव्हत्या.

चढ लागला आणि इंजिनातून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. गाडी थरथरली आणि बसली. भाऊजींनी झाकण उघडलं. तडा गेलेला रॉकर मधोमध मोडून पडला होता. त्यांनी खिशातून चिंधी काढली, उलगडली आणि तो नवा रॉकर तळहातावर घेऊन नुसते उभे राहिले. ऊन चढत होतं. मी म्हटलं, लावा ना तो.

"एकला?"

"हो, एकटाच."

"जोडीदार नाई ना त्याले."

मग मात्र माझी जीभ सुटली. माझ्या आईचा डोळा चाललाय आणि तुम्ही भर रस्त्यात लोखंडाचं लग्न लावत बसलाय, असं आणि आणखी बरंच मी बोलले. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते, पण हात हलत नव्हता. एवढ्यात आई दार धरून खाली उतरली, पत्र्याला हात लावत लावत समोर आली आणि गाडीला म्हणाली, "गाडीबाई, आजच्या दिवस एकल्यानं चाल वं. माहे जावाईबापू पाप लागू देनार नाईत तुले. मी बी त्याईच्या सासऱ्याच्या मागं एकलीच चालून राह्यली ना. चालता येते. मन नाई लागत, पन चालता येते."

भाऊजींनी तिच्याकडं पाहिलं. मग तोंड फिरवून पाना घेतला. तापलेल्या इंजिनातून दांडी काढताना त्यांची बोटं पोळली, तेलानं कोपरापर्यंत हात काळे झाले. रॉकर आणि झडप यांच्यामध्ये किती फट ठेवायची ते मापायची पट्टी नेहमीप्रमाणे घरी राहिली होती. तेव्हा रस्त्याकडेचं तेंदूचं पान दुमडून फटीत घातलं आणि स्क्रू आवळला. हँडल मारलं. गाडी सुरू झाली. त्या दिवशी त्यांनी काठी कानाला लावली नाही. झाकण बसवलं आणि निघाले.

शिबिरात पोचलो तेव्हा नावं लिहिणारा माणूस टेबल आवरत होता. आईचं नाव शेवटचं लागलं. पुढं पट्टी सुटली त्या दिवशी मी आणि भाऊजी दोघंही तिथं होतो. आईनं आधी स्वतःचे हात पाहिले, भाजल्याचे डाग पाहिले. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "किती वाळली वं तू." मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मग तिची नजर दाराशी गेली. दाराशी भाऊजी उभे होते. क्षणभर तिनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि झर्रकन पदर हनुवटीपर्यंत ओढला. डोळे गेले त्या दिवसापासून तिला समोर कोण आहे ते कळायचं नाही, पदर खांद्यावरच असायचा, आणि भाऊजी आवाज न करता तिच्यासमोर बसून निवांत चहा प्यायचे. ते त्या दिवशी संपलं. भाऊजी व्हरांड्यात गेले. मी मागोमाग गेले तर हातातला पाना पुसत म्हणाले, "झालं चांगलं. दिसते ना आता त्याईले." पाना स्वच्छच होता.

यानंतर भाऊजी सुधारले असतील असं कुणाला वाटत असेल, तर नाही. उलट रविवारी गाडी आणखी लवकर यायची. काही बिघडलेलं नसायचं तरी झाकण उघडायचं. दाराआडून आई विचारायची, "गाडीबाई, तब्येत कशी हाय?" इंजिनात डोकं घातलेले भाऊजी म्हणायचे, "गाडी म्हंते, बरी हाय." कापसाचा भाव, ताईचं दुखणं, शेजारणीचं भांडण, सगळं त्या गाडीला सांगितलं जायचं. माझ्यासाठी आलेली स्थळंसुद्धा. दोन चांगली स्थळं गाडीला पसंत पडली नाहीत म्हणून गेली, यावर माझी चीड आजही कायम आहे. त्या एकट्या रॉकरचा जोडीदार यवतमाळहून पुढं आला, पण भाऊजींनी तो बसवला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "गाडी म्हंते, राहू दे."

पुढं इंजिनालाच तडा गेला आणि गाडी भंगारवाल्यानं ओढून नेली. त्यानंतरच्या रविवारी भाऊजी पायी आले. रिकाम्या हातांनी ओट्यावर बसले. आई दाराआड येऊन उभी राहिली. मी खोलीत वह्या तपासत होते. बराच वेळ काहीच ऐकू येईना, म्हणून बाहेर आले आणि चिडून म्हटलं, बोला ना आता, एवढे बोलायचात ते.

भाऊजी म्हणाले, "कोनापाशी बोलू? गाडी नाई ना."

रुसून नाही, साधं सांगितलं. दाराआड आईनं नाक ओढलं. मी वह्या ठेवून दिल्या आणि जाऊन उंबऱ्यावर बसले, इकडं पाठ नाही आणि तिकडंही पाठ नाही अशी.

जरा वेळानं आई म्हणाली, "सांग वं त्याईले, जेवून जा म्हना."

मी सांगितलं.

भाऊजी म्हणाले, "इचार, भाजी कायची हाय."

मी आत तोंड केलं आणि विचारलं.