तिसऱ्या बाकावरची दोन उत्तरं

बी.एड. झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती सिंदी रेल्वे स्टेशनपासून आत असलेल्या एका गावातल्या शाळेत. वर्ध्याहून सकाळची पॅसेंजर आणि सिंदीहून ऑटो. शाळा मराठी माध्यमाची होती, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, म्हणून त्यांना माझ्यासारखी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी हवी होती. मुलाखतीत मी फार कमी बोलले. ते त्यांनी बहुधा हुशारीचं लक्षण धरलं असावं.

मला सातवीचं गणित दिलं. वर्गात एक मोठा टीव्ही होता. पडदे नव्हते, आणि उजेडात टीव्हीवरचं काही दिसायचं नाही, म्हणून खिडक्यांवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जुने फ्लेक्स उलटे करून ताणले होते. दुपारी बाहेर ऊन चढलं की पांढऱ्या पाठीतून आतले चेहरे उमटायचे. हात जोडलेले, मिशीवाले, उलट्या अक्षरांच्या मधोमध हसणारे. मुलांना त्याची सवय होती. मला शेवटपर्यंत झाली नाही.

कार्डांची पद्धत मी एका प्रशिक्षणात शिकले. प्रत्येक मुलाला एक जाड कार्ड द्यायचं. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी असते, प्रत्येकाची वेगळी. चारही बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. टीव्हीवर प्रश्न आणि चार पर्याय दिसले की मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड छातीशी धरायचं. मी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून हळूहळू फिरवायचा. मोबाईल नक्षी ओळखतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते टिपतो. टीव्हीवर नावांचे चौकोन असतात. उत्तर टिपलं की चौकोन निळा होतो. शेवटी मी बटण दाबलं की बरोबर ते हिरवे, चूक ते लाल. मुलांकडे मोबाईल असण्याची गरज नाही आणि एकही मूल गप्प बसून सुटत नाही. माझ्यासाठी आणखी एक सोय होती. अर्धा तास मला मोबाईलच्या मागे उभं राहता यायचं.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने ते लगेच ओळखलं. "मॅडम, तुमी आमाले मोबाईलमंदूनच काऊन पाहून राह्यल्या? डोयानं पाहा ना, आमी फुकट दिसतो."

वर्ग हसला. मीही हसले, मोबाईलच्या मागे.

त्या कार्डांना मुलं जंतर म्हणायची. गावातला एक बाबा तशाच चौकोनांची नक्षी कागदावर काढून ताईतात घालून द्यायचा म्हणे. 'मॅडमनं जंतर देल्लं' असं घरी सांगितल्यावर काही घरांतून विचारणाही झाली होती.

उत्तर देण्याआधी एक नियम होता. एक मिनिट शेजाऱ्याशी बोलायचं, आपलं उत्तर त्याला पटवायचं, त्याचं ऐकायचं, आणि मग ज्याने त्याने आपापलं कार्ड वर करायचं. प्रशिक्षणात याला जोडीचर्चा म्हणत. मुलं म्हणायची 'एक मिनिटाचं भांडण'.

हे भांडण सगळ्यात जास्त तिसऱ्या बाकावर व्हायचं. तिथे दोन मैत्रिणी बसायच्या. एक उंच, बारीक, गणितात वर्गात सर्वांत पुढे, पण तिचा आवाज दातांच्या बाहेर यायचा नाही. मला ती पाहताक्षणी ओळखीची वाटली. दुसरी गोल चेहऱ्याची, मोठ्या आवाजाची, आणि गणितात अगदी कच्ची. मिनिटभर मैत्रिणीशी भांडून ती ऐटीत चुकीचं उत्तर वर करायची, आणि चौकोन लाल झाला की उभी राहून म्हणायची, "मॅडम, माहं बरोबर हाय. मोबाईल चुकून राह्यला." आपलं कार्ड ती रोज घरी विसरायची, म्हणून ते मैत्रिणीच्या दप्तरातच असायचं.

पोळ्यानंतर गोल चेहऱ्याची मुलगी तापाने आजारी पडली. आधी गावात औषध झालं, मग वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून ती परत आली नाही. शाळा एक दिवस बंद राहिली, प्रार्थनेनंतर दोन मिनिटं सगळे उभे राहिले. हजेरीत मी तिचं नाव घ्यायचं थांबवलं. मोबाईलमधलं नाव माझ्या लक्षातच आलं नाही.

काही दिवसांनी मी पुन्हा कार्डं काढायला सांगितली. अपूर्णांकांची बेरीज होती. मिनिट संपलं, कार्डं वर झाली, मी कॅमेरा फिरवला. टीव्हीवर एकेक चौकोन निळा होत गेला. तिचं नाव मला तेव्हा दिसलं. आता तेवढा एक चौकोन पांढरा राहणार आणि सगळा वर्ग तो पाहणार.

तो निळा झाला.

मागच्या बाकावरचा तोच मुलगा हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, ते आली."

त्याने ते थट्टेने म्हटलं नव्हतं. मी बटण दाबलं. तिचा चौकोन हिरवा झाला. मी पुढचा प्रश्न घेतला. पुन्हा निळा, पुन्हा हिरवा. तिसऱ्या प्रश्नाला मी मोबाईल खाली घेतला आणि वर्गाकडे पाहिलं. तिसऱ्या बाकावर बारीक मुलीच्या हातांत दोन कार्डं होती. एक तिच्या छातीशी. दुसरं डाव्या हातात, बाजूला लांब धरलेलं, मोकळ्या जागेसमोर, बरोबर त्या उंचीवर जिथे दुसऱ्या मुलीची छाती असायची.

म्हणजे कोडं सुटलं. मला हायसं वाटायला हवं होतं.

मी तिला अडवलं नाही. वाटलं, चार दिवसांत थांबेल. पण मिनिटभराच्या चर्चेत बाकांमधून फिरताना मला तिचं बोलणं ऐकू येऊ लागलं.

"नाई वं. पयले छेद सारखा कर ना."

मग ती थांबायची. मान डोलवायची. ते थांबणं मी नंतर मुद्दाम ऐकू लागले. कोणी एक वाक्य बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढंच ते असायचं. कधी लहान वाक्य, कधी मोठं. सगळा वर्ग कलकलत असायचा आणि तरी तिसऱ्या बाकावरची ती शांतता मला वेगळी ऐकू यायची.

"बरं, बरं," ती शेवटी म्हणायची. "तुह्यं तू ठेव."

वर्गाने हे फार लवकर मान्य केलं. त्या अर्ध्या बाकावर कोणी दप्तर ठेवत नसे. एकदा एक मुलगा मधेच उभा राहिला, तर मागच्या मुलीने त्याला ढकललं, "सरक ना बे. तिले टीवी दिसत नाई." तीसुद्धा हसली नाही. तो सरकला.

दिवाळीआधी मी महिन्याचा निकाल टीव्हीवर लावला. प्रत्येक नावापुढे एक पट्टी, बरोबर उत्तरांचा भाग हिरवा, चुकांचा लाल. गेलेल्या मुलीचं नाव सर्वांत वर होतं. सगळी पट्टी हिरवी. बारीक मुलीचं नाव सर्वांत खाली, आणि तिची पट्टी लाल.

आधी मी ते दुःखाच्या खात्यात टाकलं. मग एकेक प्रश्न उघडून पाहिला. दोघींचं उत्तर एकदाही जुळलं नव्हतं. बरोबर उत्तर नेहमी मोकळ्या जागेकडे जात होतं आणि उरलेल्या तीन पर्यायांपैकी एक ती स्वतःसाठी ठेवत होती. उत्तर माहीत नसणाऱ्या मुलाकडून चुकूनही काही बरोबर येतंच. तिच्याकडून एकही आलं नव्हतं. घटक चाचणीचा पेपर तिने कोरा दिला. हजेरीला तिचं नाव घेतलं की कोणीतरी कोपराने ढोसल्यावर ती 'येस मॅडम' म्हणायची. बाकावर ती दिवसेंदिवस डावीकडे सरकत होती. तिच्या उजवीकडे आता एक मूल सहज मावलं असतं. मला भीती वाटू लागली की वार्षिक परीक्षेपर्यंत या बाकावर आपल्याला कोणीच सापडणार नाही.

एकदा सुट्टीत मी तिला थांबवलं. "तुला येतं ना हे सगळं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तिले येते," ती म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

मुख्याध्यापक सरांच्या कानावर गोष्ट गेलीच. "मॅडम, नाव काढून टाका ना त्याच्यातून. गावात भलतंच बोलून राह्यले लोक."

मी स्टाफरूममध्ये बसून नावावर बोट ठेवलं. मोबाईलने विचारलं की या विद्यार्थिनीची आतापर्यंतची सर्व उत्तरं पुसली जातील, चालेल का? बारीक मुलीने सोडवलेलं होतं-नव्हतं ते सगळं गणित त्याच नावात होतं. मी 'नाही' दाबलं.

मग एका दुपारी, वर्ग चालू असताना, गेलेल्या मुलीची आई आली. तिचं बसस्टॉपजवळ किराणा दुकान होतं. मी तिला तिथून जाता-येता पाहिलेलं. दारात चप्पल काढून ती उभी राहिली.

"मॅडम, माह्या पोरीचं नाव येते म्हणते इथं टीवीवर. मले पाहाचं हाय."

मी बाजूला झाले. ती सरळ तिसऱ्या बाकाकडे गेली आणि बारीक मुलीच्या डावीकडच्या मोकळ्या जागेवर बसायला वाकली.

"काकू, तिथं नका बसू," बारीक मुलगी म्हणाली. अगदी हळू, पण वर्गातल्या सगळ्यांनी ऐकलं. "थे बसली हाय."

आई तशीच अर्धी वाकलेली थांबली. मग सरळ झाली आणि ओळीच्या पलीकडे, मुलांच्या बाकाच्या कडेला टेकली.

मी प्रश्न लावला. एक मिनिट. वर्गात त्या दिवशी कोणी भांडलं नाही, कुजबुजले फक्त. आई त्या दोन कार्डांकडे पाहत होती. मी कॅमेरा दोनदा फिरवला. हिरवा. आणि मग, तिने एवढ्यासाठीच आल्याचं सांगितलं होतं म्हणून, मी पट्ट्या दाखवल्या.

तिने नाव ओठांनी वाचलं. "पयला नंबर?"

"हो," मी म्हणाले.

"बाप्पा!" ती म्हणाली. "माही पोर? दुकानात तिले पाव अन् अर्धा किलो एकच वाटे. गिऱ्हाईक हासत." ती पट्ट्यांवरून खाली खाली आली. "आन् हे खालचं लाल कोनाचं हाय?"

मागच्या बाकावरच्या मुलाने हनुवटीने दाखवलं.

"तुह्यं?" आई वळली. "काऊन वं? तिले देऊन टाकलं का सगळं?"

बारीक मुलगी बाकाच्या लाकडाकडे पाहत होती. "आमचं उत्तर कदी एक नसते. अन् थे नापास झाली तं मांगच्या वर्गात राह्यन," ती म्हणाली. "मंग आठवीत मी एकटी."

फ्लेक्समधले चेहरे आमच्याकडे पाहून हसत होते. आईने पदर तोंडाशी नेला, तिथेच धरला, आणि बोलली तेव्हा तिचा आवाज दुकानातल्यासारखा कोरडा होता.

"माही पोर चुके. रोज चुके अन् वरून भांडे. तुह्या बाजूले जे बसली हाय, थे चुकत नसन, तं थे माही नोय. मंग कोन हाय थे?"

मुलीने डावीकडे पाहिलं. पहिल्यांदा मला तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

"तिचं तिले चुकू दे," आई म्हणाली. "तुह्यं तू देजो. अन् आठवीत तिले याचं असन तं थे येते मांगून. कोनाले पुसून आली का थे कदी?"

ती उठली. दारात चप्पल घालून तिने एकदा मागे पाहिलं. "येतो मी," ती म्हणाली. "नीट राहजो." कोणाला म्हणाली ते मला कळलं नाही. बारीक मुलीने मान हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी अपूर्णांकांचा भागाकार होता. मिनिट सुरू झालं आणि मी जागेवरच थांबले. मग तिचा आवाज आला, आणि तो मी तोवर कधी इतका मोठा ऐकला नव्हता.

"नाई. तू चुकून राह्यली. उलटं करून गुणाचं असते. माहं बरोबर हाय."

कार्डं वर झाली. तिच्या नावाचा चौकोन हिरवा झाला आणि शेजारचा लाल.

"हां!" मागचा मुलगा ओरडला. "ते चुकली! आता हे तेच हाय!" आणि वर्ग हसला. खूप दिवसांनी, आणि जरा जास्तच वेळ.

घंटा झाल्यावर सगळे बाहेर पळाले. मी टीव्ही बंद केला, मोबाईल पर्समध्ये टाकला आणि दारापर्यंत गेले. बारीक मुलगी अजून बाकावरच होती, उजव्या अर्ध्या भागात, आपल्या जागेवर. वही दोघींच्या मधोमध सरकवून ती पेन्सिलीने एकेक पायरी दाखवत होती. हे वर, हे खाली, हे कापलं.

"समजलं का?" तिने विचारलं.

आणि ती थांबली. मीही दारातच थांबले, कारण या वेळी ते थांबणं कोणत्याही एका वाक्यापेक्षा फारच लांबलं होतं.