चिंताकाचा फोटो

उजमा पहिल्यांदा नजरेत भरली ती सातवीच्या वर्गाचा फोटो काढायच्या दिवशी. फोटोवाल्यानं सगळ्या पोरांना उन्हाकडे तोंड करून उभं केलं होतं. शेवटच्या रांगेतली ही काडीसारखी मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "सर, सगळ्यांचे डोळे मिटून राहिले. आम्हांला भिंतीच्या सावलीत घ्या." फोटोवाला हसला, पण त्यानं रांग हलवली. आजही त्या फोटोत एकाचाही डोळा मिटलेला नाही.

पुढे तिचा मोठा भाऊ यासेर यानं नांदेडात देगलूर नाक्यावर फोटोचं दुकान टाकलं. कॅमेरा त्याच्या हातात असे आणि बसणं-उठणं, उजेड, कपडे हे सगळं उजमा सांगे. तिचं स्वतःचं काम मात्र वेगळ्याच गोष्टीतून उभं राहिलं. ज्या घरांत लग्नाच्या बायकांच्या बैठकीत पुरुष फोटोग्राफर चालत नाही, तिथल्या नवरीमुलींचे धड फोटोच नसत. उजमानं वाट काढली. घरातल्याच एखाद्या मुलीनं फोनवर फोटो काढायचे, दुसरा फोन व्हिडिओ कॉल लावून डब्याला टेकवून ठेवायचा आणि उजमानं नांदेडात बसून सांगत राहायचं. फोटो त्या घरच्याच फोनमध्ये राहत. अल्बम छापायचा झाला तर उजमा दुकानातल्या संगणकाशी स्वतः बसे, छापून होताच सगळं पुसून टाकी आणि घरच्यांना फोन करून सांगे, "पुसलं." या एका शब्दावर तिला हदगावपासून लातूरपर्यंत कामं मिळत.

मागच्या हिवाळ्यात लातूरच्या रहमतबींच्या नातीचं, मनतशाचं लग्न होतं. फोन मनतशाच्या मामेबहिणीच्या हातात होता.

"पडदा अर्धाच सार. अगं, अर्धा म्हणले, पूर्ण न्हाई! दादीला डाव्या अंगाला बसव. मनतशा, माझ्याकडं नको बघू, मी काय तुझा नवरा हाय?"

खोलीभर बायका खिदळल्या. रहमतबी नातीच्या गळ्यात चिंताक बांधत होत्या. गळ्याला घट्ट बसणारा हा सोन्याचा दागिना त्यांच्या घरातल्या प्रत्येक मुलीनं लग्नात घातलेला. त्यातला एक हिरवा खडा फार वर्षांपूर्वी पडला होता, आणि तो कधी बसवायचा नाही असं घरात ठरलेलं. मनतशानं मान किंचित खाली केली, दादीचे हात तिच्या मानेमागे गेले, आणि उजमा ओरडली, "आता!"

इतका चांगला फोटो तिनं त्याआधी कधी काढून घेतला नव्हता.

अल्बम छापताना शेवटच्या चार पानांवर लाइट गेली. उजमाला त्या दिवशी तापही होता. पानं नंतर छापून झाली. पुसायचं तिनं यासेरवर सोपवलं. "हाव, काढतो," तो म्हणाला. तेवढ्यावर तिनं लातूरला फोन करून "पुसलं" असं सांगूनही टाकलं.

आठवड्यानं मनतशाचा फोन आला. ती रडत होती. तिच्या सासरच्या गल्लीत तो फोटो फिरत होता. यासेरनं तो दुकानाच्या इन्स्टावर टाकला होता.

उजमा दुकानात गेली तेव्हा गिऱ्हाईक बसलेलं होतं. तिनं त्याला बाहेर बसायला सांगितलं.

"भाई, काढ तो फोटो. आत्ता."

"अगं, तोंडावर गुलाब चिकटवलाय ना मी! कुणाला काय कळतंय?"

"गळ्यावर काय चिकटवलंस? त्या घरच्या लेकी लातुरात जिथं जिथं दिल्यात, तिथं तिथं तो चिंताक माहीत हाय. पडलेल्या खड्यासकट!"

"तुझीच तारीफ झाली. तीनशे लाइक आलेत."

"मग ते तीनशे लाइक घे अन् चल रहमतबीच्या दारात. तिथं उभा राहून वाच एकेक."

यासेर हसायला गेला, पण तिचं तोंड पाहून त्यानं फोन उचलला आणि फोटो काढून टाकला. उजमाचा आवाज चढलेला नव्हता. राग भावाचा होता, आणि न बघता "पुसलं" म्हणणाऱ्या स्वतःचाही.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला धरून लातूरच्या एसटीत बसवलं. रहमतबींनी यासेरला ओट्यावरच थांबवलं. उजमाला आत घेतलं, पाणी दिलं. उजमानं माफी मागितली. मग रहमतबी म्हणाल्या, "बेटी, त्या पोराला मी ओळखत न्हाई. मी तुझी जबान ओळखत होते. तू म्हणलीस पुसलं, मी मनतशाच्या आईच्या माहेरीबी तसंच सांगितलं." पाण्याचा पेला उचलत त्यांनी पुढचं सांगितलं, "मनतशाच्या पाठच्या अजून दोघी हायत. त्यांच्या लग्नात फोन आत येणार न्हाई."



परतताना लोह्याला गाडी थांबली. यासेर दोन चहा घेऊन आला. "चूक झाली म्हणलो ना मी. किती दिवस धरून बसशील?"

"तुझा चहा तूच पी," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून बसली. नांदेड येईपर्यंत तो दोन्ही चहांचे रिकामे कप हातात धरून होता. टाकायला उठायचीही त्याला हिंमत झाली नाही.

दुकानात ती पुन्हा गेली नाही. घराच्या वरच्या खोलीत तिनं जुना प्रिंटर आणून ठेवला आहे, आणि त्या खोलीची किल्ली तिच्याकडेच असते. नांदेडातली आणि हदगावकडची कामं चालू आहेत. लातूरहून अजून एकही बोलावणं आलेलं नाही.