मागच्या सीटवरचे ठाकुरजी

त्या काळात माझा देवाशी अबोला होता. नास्तिक वगैरे झाले नव्हते, तेवढी माझी हिंमत नाही. बर्मिंगहॅमच्या आमच्या घरात किचनमधल्या कपाटावर छोटंसं देवघर होतं, तिथे सकाळी निरांजन लावायची, पण हात जोडले की मनात काही उमटायचं नाही. कारण होतं मोटरवेवरचा अपघात. मुलीला रीडिंग शहरात युनिव्हर्सिटीत सोडून परत येताना पावसात एक लॉरी मागून आमच्या गाडीवर आदळली. यांचा हात मोडला, माझं कंबरेचं हाड मोडलं. हाडं जुळली, पण त्यानंतर मला मोटारीत बसताच येईना. दार उघडलं की घाम फुटायचा. आमच्या जीपींनी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, गोळ्या दिल्या, मैत्रिणींनी सल्ले दिले, मी देवाला साकडं घातलं, नवस बोलले. ढिम्म काही होईना. शेवटी म्हटलं, राहू दे बाबा, तुझं तू बघ, माझं मी बघते.

मग बस, ट्रेन आणि माझे पाय. हॉस्पिटलच्या लॅबमधल्या नोकरीवर जायला बस बदलत बदलत जायची. मुलगी लग्नानंतर रीडिंगलाच राहिली. तिच्याकडे गेले की स्टेशनपासून घरापर्यंत मी चालत, आणि जावई बिचारा माझ्या पिशव्या घेऊन रिकामी गाडी हळूहळू माझ्या बाजूनं चालवत यायचा. त्यात हे मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर! लोकांना हसायला चांगला विषय मिळाला होता. मी वरवर हसायची. आतून मात्र चिडलेली असायची, देवावर आणि त्याहून जास्त स्वतःवर.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका हिवाळ्यात यांनी शेखावाटीला जायचं काढलं. राजस्थानातला वाळूचा मुलूख तो, मारवाडी शेठांचा. हे शेठ व्यापारासाठी कलकत्त्याला, मुंबईला गेले आणि गावाकडे पैसा पाठवून त्यांनी मोठमोठ्या हवेल्या बांधल्या, आतून-बाहेरून चित्रांनी रंगवून काढल्या. बर्मिंगहॅमला आमच्याच गल्लीत राहणाऱ्या एका मारवाडी डॉक्टरांची तिथे हवेली होती. घरचं कुणीच राहत नव्हतं. "भाभीजी, बिनधास्त जाऊन राहा, धापूबाई सगळं बघेल," ते म्हणाले. धापूबाई म्हणजे हवेली सांभाळणारी विधवा बाई. मी एकच अट घातली, मोटारीत पाय ठेवणार नाही. त्यामुळे दिल्लीहून रेल्वे, जयपूरला बदलून दुसरी रेल्वे आणि स्टेशनपासून उंटगाडी. उंटाची मला भीती वाटली नाही, यावर हे वाटभर हसत होते.

गाव बघून मात्र मी माझा राग विसरले. गल्लीत शिराल तिकडे भिंतीच भिंती आणि भिंतभर हत्ती, घोडे, आगगाड्या, टोपीवाले साहेब, आणि या सगळ्यांत देव. मालक परमुलखात, घरांना कुलपं, पण संध्याकाळी देवळांतून आरतीच्या घंटा ऐकू यायच्या. धापूबाई रोज हवेलीच्या चौकातल्या ठाकुरजींपुढे दिवा लावायची. ठाकुरजी म्हणजे तिचा कृष्ण. "सेठ लोग गए, ठाकुरजी थोड़े ही गए," ती म्हणाली. कितीतरी वर्षांत तिनं दिवा चुकवला नव्हता. ते ऐकून मला आमचं किचनमधलं देवघर आठवलं आणि उगीचच भरून आलं.

चौकातच, आतल्या दारावर एक चित्र होतं. लाल मोटार. पुढे टोपी घातलेला ड्रायव्हर, ताठ बसलेला. आणि मागच्या सीटवर मुकुट घातलेला कृष्ण, शेजारी राधा. मी बघतच राहिले. ज्यानं अर्जुनाचा रथ हाकला, तो इथं दुसऱ्याच्या हातात गाडी देऊन खुशाल मागे बसला होता!

"बघ, देवसुद्धा बसतो मोटारीत. तूच काय ती हट्टी," हे म्हणाले.

"त्याच्या गाडीला लॉरी नाही धडकली," मी फटकन बोलले आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे चौकात कॅमेरा घेऊन उभे होते. मी जिन्यावर होते. एकदम "अगं," एवढंच म्हणाले आणि भिंतीला धरून खाली बसले. चेहरा पांढराफटक, अंगाला दरदरून घाम. धापूबाईनं धावत जाऊन गावातले डॉक्टर आणले. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हार्टचं आहे, ताबडतोब जयपूरला न्यायला हवं. रेल्वे सकाळी होती. एका दुकानदारानं आपली अँबेसिडर दारात आणून लावली, ड्रायव्हरसकट. यांना मागे खिडकीशी टेकवून बसवलं, डॉक्टरांचा कंपाउंडर पुढे बसला. उरले मी.

आणि मी उंबऱ्यातच खिळले. माझा नवरा गाडीत तडफडतोय आणि माझा पाय उचलत नाही! ती लाज, ती भीती आठवली की आजही अंगावर काटा येतो. मी मागे वळले. चौकातलं ते चित्र समोर होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याशी बोलले. मनात म्हटलं, मला जमत नाही रे. तू बसतोस ना मोटारीत? मग चल, बस माझ्याबरोबर.

तेवढ्यात माझ्या बाजूनं धापूबाई पुढे गेली. मला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर घेतलं, हवेलीला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली, गाडीचं दुसरं दार उघडलं आणि जराशी वाकून मला म्हणाली, "चल बाई, बैठ." मी बसले. कशी बसले, मला सांगता येणार नाही. मी मध्ये, एका खांद्यावर यांचं डोकं, दुसऱ्या बाजूला ती. माझं मनगट तिनं घट्ट धरलं.

गाडी सुटली. समोरून पहिला ट्रक आला तशी तिची नखं माझ्या मनगटात रुतली. मी बघितलं तर बाईनं डोळे गच्च मिटलेले, ओठ थरथरतायत, "ठाकुरजी, ठाकुरजी" चाललेलं. मला वाटलं होतं ती मला धीर देतेय. अहो, तीच थरथर कापत होती! मग काय करणार, मीच बोलायला लागले. "डरिए मत, ट्रक गया. अब रास्ता खाली है. ड्रायव्हर अच्छा है." माझं हिंदी दिव्य. पण मी वाटभर बोलत राहिले, रस्त्याकडे बघून एकेक गोष्ट तिला सांगत. मध्येच यांनी डोळे उघडले आणि पुटपुटले, "कोण कुणाला सांभाळतंय?" मला हसूही आलं आणि रडूही.

जयपूरला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. यांना आत नेलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, वेळेत आणलंत. मी बाकावर मटकन बसले, आणि मग लक्षात आलं, अरे, मी मोटारीतून आले.

धापूबाई शेजारी पदरानं तोंड पुसत होती. ती म्हणाली, "मैं तो आज पहली बार मोटर में बैठी."

मी चकितच झाले. "फिर आप आईं क्यों?"

"कोई तो बैठता न तेरे साथ," ती म्हणाली. मग खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघत हळूच म्हणाली, "आज दीया रह गया." तो दिवा माझ्यासाठी चुकला होता. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडले.

याला कुणी योगायोग म्हणेल. म्हणू दे, मी वाद घालणार नाही. मी नवस बोलले तेव्हा माझी भीती काढून घे असं मागत होते, आणि ती काही देवानं काढून घेतली नाही. त्यानं माझ्याहून घाबरलेलं एक माणूस शेजारी आणून बसवलं, बस्स. तिला धीर देताना माझी भीतीनं वळलेली मूठ आपोआप सुटली.

हे बरे झाले. आम्ही परतलो तेव्हा हीथ्रोवर मुलगी आणि जावई न्यायला आले होते. मी मागचं दार उघडून आत बसले. मुलगी बघतच राहिली. "आई, यू ओके? तू खरंच येतेस गाडीत?" म्हटलं, येते गं, चल. यांना गाडी चालवायची बंदी झाली, तेव्हापासून आम्ही दोघंही दुसऱ्याच्या भरवशावर फिरतो, आणि मजेत फिरतो. देवघरात हात जोडले की आता मनात खूप काही येतं, मागणं मात्र फारसं येत नाही. धापूबाईला पुढच्या हिवाळ्यात भेटून आले, यावेळी जयपूरपासून मोटारीनं. तिनं मला बघून कपाळाला हात लावला आणि खो खो हसली.

एक सवय मात्र जडली ती जडलीच. मोटारीत बसले की मी एका कडेला सरकते. हे पुढून ओरडतात, "अगं, एवढी जागा आहे, ऐसपैस बस की." मी ऐकत नाही. शेजारची जागा मी कुणासाठी ठेवते, ठाकुरजींसाठी की धापूबाईसाठी, हे मलाही नीट माहीत नाही. पण ती मी ठेवते.