गच्चीवरची तार

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या हातात नोटीस ठेवली: तुमच्या रेडिओमुळे सगळ्यांचं इंटरनेट तुटतं, रविवारच्या सभेनंतर गच्चीवरची अँटेनाची तार उतरवली जाईल. माझं डोकंच सणकलं. मी अंबडच्या कारखान्यात जन्मभर वायरमन होतो. लांबच्या माणसांशी हवेतून बोलायच्या हौशी रेडिओचा परवाना मी मिळवला, तेव्हा हे गृहस्थ हाफ पँटमध्ये असतील.

मूळ दुखणं वेगळंच होतं. भिंती फोडायला नकोत म्हणून सोसायटीने दिवाळीनंतर विजेच्या वायरीतूनच घरोघरी इंटरनेट नेलं. प्लगमध्ये एक डबी खोचली की झालं. माझ्या माईकने त्यांचं इंटरनेट तुटत असेलही, पण त्यांच्या डब्यांनी माझा रेडिओ पार बहिरा केला. नुसती खरखर.

रोज सकाळी सातला मालेगावहून माझा दोस्त हाक मारायचा. यंत्रमागाचा जुना मिस्त्री, आता अर्धांगाने खाटेवर. पंचवीस वर्षांत आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. फोन त्याला नकोसा वाटे. माईक हातात आला की मात्र गडी अर्धांग विसरायचा. आता तीन आठवडे त्याचा आवाज नव्हता, आणि तार गेली तर तो कायमचाच गेला असता. मला रात्रंदिवस तेच खात होतं.

मी हट्ट धरला, सभा गच्चीवर घ्या, तीही सकाळी पावणेसातला. मंडळी कुरकुरत, जांभया देत आली. मी रेडिओ स्कूटरच्या बॅटरीवर लावला आणि खरखर सगळ्यांना ऐकवली.

"आता खाली जाऊन इमारतीचा मेन स्विच पाडा," मी सेक्रेटरींना ऐटीत म्हणालो, "आणि गंमत बघा."

त्यांनी पाडला. खरखर कमी झाली, पण गेली नाही.

"बघा!" सेक्रेटरी धापा टाकत वर आले. "वीज बंद, डब्या बंद, तरी आवाज! खोट तुमच्याच यंत्रात आहे काका."

तेवढ्यात बायको बारीक आवाजात म्हणाली, "अहो, आपल्याकडे इन्व्हर्टर आहे ना."

"मग?"

"मग काय... टीव्हीच्या मागे मीपण एक डबी लावलीय. मालिका अडकत होत्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळी गच्ची हसली. मी चिडलो, खरंच चिडलो, पण ती तोवर डबी काढायला जिना उतरलीसुद्धा होती.

आणि एकदम शांतता. घासूनपुसून लख्ख केलेल्या ताटासारखी स्वच्छ. सात वाजून गेले होते. त्या शांततेतून एक घोगरा, संथ आवाज आला; माझा दोस्त त्याच्या अहिराणीत विचारत होता, तिथे आहेस का.

"भाऊ, शे का तठे? आज बाविसावा दिवस. मी रोज हाक मारी राहिनू. ओव्हर."

कुणी हसलं नाही. मी घाईने माईक ओढला. तो हातातून सुटून खाली पडला. तो उचलून सेक्रेटरींनीच माझ्या हातात दिला.

"बोला ना काका," ते म्हणाले, "थांबलेत ते."

तार अजून गच्चीवरच आहे. महिन्याभरात सोसायटीने इंटरनेटची वेगळी केबल टाकली, आणि तिच्यासाठी पहिली भिंत मी माझ्या घराची फोडू दिली.