आमची घाबरट खजिनदार

आमच्या आत्याइतकं घाबरणारं माणूस भोर तालुक्यात आजवर झालेलं नाही, आणि वेल्ह्याच्या बाजूला झालं असेल तर ते आमच्याच घरातलं असणार, कारण आत्याचं माहेर तिकडचं. लोक भितात ते निवडून भितात. कुणी सापाला भितं, कुणी सुनेला. आत्याची भीती अशी पंक्तिप्रपंच करणारी नाही, तिच्यात सगळ्यांना पाट मांडलेला असतो. कुकर गॅसवर चढवला की ती अंगणात जाऊन उभी राहते, शिट्ट्या तिथूनच ऐकते आणि मग शेजारच्या सुनेला हाक मारते, "अगं, तेवढा ग्यास बंद करून ये, तुला पळता येतं." देवघर धरणातून नीरेत पाणी सोडल्याची बातमी आली की, घर नदीपासून चांगलं चढावर असूनही, ती बोचकं बांधते. त्यात एक पातळ, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि मामांचा, म्हणजे तिच्या यजमानांचा, फोटो. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. पण "त्यांना पवता येत न्हवतं," असं सांगून फोटो ती सगळ्यांत वर ठेवते. मोबाईलवर अनोळखी नंबर दिसला तर उचलते, "मी घरी न्हाई," म्हणते आणि ठेवून देते. अंगणवाडीत सेविका म्हणून तिनं जन्म काढला, पण पोरांना सुई टोचायची वेळ आली की सगळ्यांत आधी डोळे मिटायचे ते बाईंचे, आणि पोरंच तिला म्हणायची, "बाई, झालं, उघडा आता."

अशा बाईला आमच्या समाजानं संस्थेची खजिनदार केलं, आणि विचार करून केलं. भोर आणि वेल्ह्याच्या गावागावांतून आमची बौद्ध कुटुंबं विखुरलेली आहेत, कुठं चार घरं, कुठं दहा. आजोबांच्या पिढीनं वर्गणी काढून भोरात एक जागा घेतली. तिथं छोटं विहार आहे, शेजारी सभागृह, आणि मागं खोल्या. वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या मुली कॉलेजसाठी भोरला येतात त्या या खोल्यांत राहतात. संस्थेचे अध्यक्ष गुरुजी. निम्म्या समाजाला त्यांनीच पाटीवर हात धरून अक्षरं गिरवायला लावली. आत्याचं नाव त्यांनीच सुचवलं. "जी बाई कुकरला हात लावत नाही, ती दुसऱ्याच्या पैशाला काय लावणार?" असं ते म्हणाले, आणि सभा हसली. आत्या मात्र हसली नाही. त्या दिवसापासून तिच्या भीतीत एका भीतीची भर पडली. कपाटाला कुलूप लावायचं, ओढून बघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा ओढायचं, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही आत बोलावून त्यालाही ओढायला लावायचं. एकदा गॅस सिलिंडरवाल्यानं तिचं कुलूप ओढलं आणि ते त्याच्या हातात आलं. दोघंही सारखेच ओरडले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. मग रस्ता रुंद करायला संस्थेच्या जागेची पट्टी गेली, तिचा मोबदला संस्थेच्या खात्यात आला, आणि पाठोपाठ एक पाहुणा आला.

पाहुणा गोड होता. पांढरा शर्ट, कपाळावर गॉगल, अंगाला अत्तर. आत्या त्याला पहिल्या दिवसापासून "अत्तरवाला" म्हणायची. "जयभीम" म्हणून वाकायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, "मी पण आपलाच" म्हणायचा, आणि नक्की कुठला असं विचारलं की गावाचं नाव दर वेळी वेगळं निघायचं. विहाराला त्यानं रंग दिला, गुरुजींना शाल घातली, फोटो काढले. मग हळूहळू कुजबुज सुरू झाली. वेल्ह्याकडं जाऊन सांगायचं, भोरवाले तुमचं खातात. भोरात सांगायचं, वेल्हेवाले सगळं तिकडं ओढायला बघतात. मुलींच्या खोल्यांत काय चालतं त्याची जरा चौकशी करा, असं त्यांच्या बापांच्या कानात सांगायचं. एकमेकांच्या ताटात जेवणारी माणसं एकमेकांना हिशेब विचारायला लागली. आणि मग एके दिवशी त्यानं आपली पन्नासेक पोरं नवीन सभासद म्हणून आणून उभी केली. त्यांची मतं मिळाली की संस्था, जागा आणि पैसा सगळं त्याच्या हातात जाणार होतं. पण त्यांना मताचा हक्क द्यायचा तर अध्यक्ष आणि खजिनदार दोघांची सही लागत होती. गुरुजींनी सही केली. का केली ते कुणालाच कळलं नाही. आत्याची राहिली होती.

भर दुपारी तो आत्याच्या घरी आला. मी रजेवर होतो म्हणून तिथं होतो, एरवी मी शिरवळच्या कारखान्यात असतो. तो खाटेवर बसला, पाणी प्यायला, घर न्याहाळलं. सहीचं नावही काढलं नाही. वर बघत म्हणाला, "आत्या, एकट्याच राहता ना? पंखा लई हलतोय तुमचा. एखाद्या दिवशी पडंल. जपून झोपत जा." मग हसला, वाकून नमस्कार केला आणि गेला.

मला आठवतं, त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघंही त्या पंख्याकडं बघत उभे होतो. पंखा नेहमीसारखाच फिरत होता. आत्यानं तो बंद केला आणि उकाड्यात बसली. तक्रार करावी म्हटलं तर लिहायचं काय? पंखा हलतो म्हणाला, हा काही गुन्हा नाही. दुसऱ्या दिवसापासून नंबरप्लेट नसलेली एक मोटरसायकल तिच्या दाराशी येऊन थांबायला लागली. कुणी उतरायचं नाही. इंजिन चालू ठेवायचं, थोडा वेळ घुर्र घुर्र करायचं, आणि निघून जायचं. आत्या आत दाराला पाठ लावून बसायची. वायरमनला बोलावून तिनं पंखा तपासून घेतला. त्यानं ठीक आहे सांगितलं, तरी खाट भिंतीकडं सरकली. मलाही खरोखर भीती वाटत होती. कारखान्यात हातात पाना असायचा आणि कान फोनकडं.

"आत्या, कर सही आणि मोकळी हो," मी म्हणालो. "आपला जीव महत्त्वाचा."

"सही केली तर मग जन्मभर त्याची भीती," ती म्हणाली. "आन् न केली तर आत्ताच. म्या काय करू सांग."

तिनं जे केलं ते तिच्या स्वभावाला धरूनच होतं. घरात एकटं बसवेना म्हणून ती एसटीत जाऊन बसायला लागली. बायकांना अर्धं तिकीट, आणि गाडीत चार माणसं असतात, एवढाच हिशेब. सकाळी भोरच्या स्टँडवर जायचं, मिळेल ती गाडी धरायची. एक दिवस किकवी, दुसऱ्या दिवशी नसरापूरवरून मार्गासनी, मग थेट वेल्हे. तोरण्याच्या पायथ्याला उतरून चहा प्यायचा आणि त्याच गाडीनं परत. ड्रायव्हरच्या मागची सीट तिची. वळण आलं की "बाबा, हळू," म्हणायची. आणि शेजारी जी कोण बसेल तिला, ओळख असो वा नसो, सगळं सांगायची. पंखा, मोटरसायकल, अत्तर. मी तिला रागावलो. असल्या गोष्टी गाडीत बोलतात का?

"आरं, भ्या वाटतं तर बोलायला नगं व्हय? गप बसून ते पोटात वाढतंय."

गाडीतल्या बायका उतरायच्या आणि आपापल्या वस्तीत जायच्या. त्यांत आमच्या समाजाच्या असायच्या, नसलेल्याही असायच्या. भोरची खजिनदारबाई भीतीनं एसटीत राहते, ही गोष्ट डोंगरात आत्याच्या आधी पोचायला लागली.

संस्थेच्या वार्षिक सभेच्या रविवारी मी तिला हाताला धरून सभागृहात नेलं. दारात अत्तरवाल्याची पोरं दोन्ही बाजूंनी उभी होती, छाती आमच्या खांद्याला घासेल इतकी जवळ. दरवर्षी सभेला भोरातली वीसपंचवीस टाळकी असायची, वेल्ह्याकडचं कुणी फिरकायचं नाही. त्यानं तेच गृहीत धरलं असावं. पण त्या दिवशी माणसं येतच राहिली. वेल्ह्याच्या गाडीनं आली, टेम्पोनं आली, भाकरी बांधून म्हाताऱ्या आल्या. बसायला जागा उरली नाही. एवढी माणसं मी तिथं पूर्वी पाहिली नव्हती.

अत्तरवाला उठला. गोड आवाजात म्हणाला, "खजिनदारबाई नव्या सभासदांची अडवणूक का करतात, ते त्यांनीच सभेला सांगावं."

आत्या उभी राहिली. माझी बाही तिनं मुठीत धरली होती. पाणी प्यायली, अर्धं पदरावर सांडलं. मग म्हणाली, "मला भीती वाटती."

दारातली पोरं फिदीफिदी हसली.

"हसू नगा. मला कुकरची वाटती, सापाची वाटती, नदीची वाटती. समद्या भोरला म्हाईत हाय. आन् मला ह्या पावण्याची वाटती. हे माझ्या घरी आलं, एकटीच राहता म्हनलं, पंखा पडंल म्हनलं. माझा पंखा चांगला हाय. वायरमननं बघितलाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्या काय शिकल्याली न्हाई लई. पर ज्याची भीती वाटती, त्याच्या हातात पोरींच्या खोल्यांच्या किल्ल्या द्यायच्या का? तुमी समद्यांनी हो म्हना, हितंच करते सही."

कुणी हो म्हटलं नाही. अत्तरवाला पुन्हा काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात मागून मार्गासनीकडची एक म्हातारी उठली. "आमच्यात बी आलता ह्यो. म्हस एकटीच चरती का, म्हनून इचारत व्हता. तवापासनं म्हस दावणीलाच हाय."

"माझ्या पोराची गाडी कुठल्या वाटंनं येती ते इचारलं," किकवीचा एक जण बसल्या जागेवरून म्हणाला.

मग एकेक जण उठायला लागला. कुणाची गवताची गंज, कुणाची मुलगी, कुणाची विहीर. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच भीती वाटते आणि शेजारी मात्र वाघ आहे. घराघरात एकच भीती दडवून ठेवलेली होती, ती सगळी त्या सभागृहात येऊन बसली. पाहुण्यानं दोनदा हसून बघितलं. मग दाराकडं पाहिलं. दारातल्या पोरांच्या पुढं आता म्हाताऱ्या उभ्या होत्या, कंबरेवर हात ठेवून. "बघून घेईन एकेकाला," असं पुटपुटत तो त्यांच्यातून वाट काढत गेला. त्याच्या मागं पोरंही गेली. अत्तराचा वास तेवढा बराच वेळ राहिला.

सगळे मोकळे होऊन बोलायला लागले तेव्हा आत्या गुरुजींकडं वळली. ते पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. तिनं हळूच विचारलं, "गुरुजी, तुमाला बी काय म्हनलं का हो ते?"

गुरुजींनी चष्मा पुसला, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि मागच्या दारानं निघून गेले. त्यांना शालीनं भुलवलं होतं की भीतीनं वाकवलं होतं, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्यानंतर ते विहारात आले नाहीत.

त्या पाहुण्याची गाडी अजून अधूनमधून कापूरहोळला दिसते. ती दिसली की आत्याला जेवण जात नाही. मुली मागच्या खोल्यांत राहतात, परीक्षा देतात, मोठ्यानं हसतात. बुद्धपौर्णिमेला आत्या खीर करते आणि एक डबा माझ्या हाती गुरुजींच्या घरी पाठवते. गुरुजी दारात येतात, डबा आत नेतात, रिकामा करतात आणि घासून लख्ख करून मला परत देतात. आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं देत नाहीत, चार दाणे तांदळाचे किंवा गुळाचा खडा तरी आत घालतात. मी डबा घेऊन तिच्याकडं आलो की आत्या झाकण काढून डब्यात बघते. गेल्या पौर्णिमेला तिनं नुसतं बघितलं नाही, आत बोट फिरवून बघितलं.

"एवढा मोठा मास्तर," ती म्हणाली, "आन् रिकामं भांडं देतो व्हय?" मग झाकण लावून डबा फळीवर ठेवताना स्वतःशीच म्हणाली, "आसू दे. अजून भ्यालं असंल बिचारं."