मांडूतली खोली, पास की नापास

मांडूला मी फिरायला नाही गेले, परीक्षा घ्यायला गेले. आमच्या मध्य प्रदेशात गावोगावच्या बायका घरातली एक खोली पाहुण्यांसाठी तयार करताहेत. नियम असा, की आधी दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाईनं तिथं एक दिवस राहून कागद भरायचा, मगच खोली यादीत. माझीही देवासची खोली रांगेत आहे.

"चौथीत शाळा सोडलीस, आता लोकांना पास-नापास करणार?" आमचे हे म्हणाले.

"तुम्हाला रोज करतेच आहे," म्हटलं आणि बस धरली.

देवासहून इंदूर, मग धार. धारच्या स्टँडवर जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे खाऊनच पुढे जा, कारण मांडूची बस भरल्याशिवाय हलत नाही.

"भिया, आज निघणार का उद्या?" मी कंडक्टरला विचारलं.

"आंटी, आप बैठ जाओ, बस भर जाएगी."

मेला!

जिची खोली तपासायची ती रेशमबाई दारातच हात जोडून उभी. नवरा मजुरीला गुजरातला असतो. खोली चालली तर तो परत येईल, हे तिनं पाणी देतानाच सांगून टाकलं. खोलीत जमिनीवर चकचकीत प्लास्टिक, खिडकीत कागदी फुलं. ताटात पनीर, तेही खारट.

"मांडूत येऊन पनीर खाऊ?" मी खेकसले. बिचारीचा चेहराच उतरला.

हात धुवायला मागे गेले, तर सासू गोवऱ्यांवर पानिये भाजत होती. मक्याचं पीठ पानांत दाबून भाजतात ते. वास असा, की पाय हलेना.

"यो तो घर को खाणो हे, बई," रेशमबाई लाजली.

"मग मी काय हॉटेलात आले? वाढ."

डाळीत चुरून चार खाल्ले. मग प्लास्टिकचा कोपरा उचलला. खाली सारवलेली जमीन, त्यावर गेरू-खडूची नक्षी, मांडणं म्हणतात ते, मोरच मोर. तिनंच काढलेलं. शहरातल्यांना माती चालत नाही म्हणून झाकलं म्हणे! दोघींनी मिळून प्लास्टिक गुंडाळलं.

सकाळी जहाज महाल बघितला. छान आहे, उन्हाआधी जा. निघताना कागदावर लिहिलं, 'पनीर बंद. प्लास्टिक काढलं. पास.' रेशमबाईला वाचता येत नाही. तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग नवऱ्याला फोन लावून तिसऱ्यांदा.

"तो घर आ जाऊँ?" एवढंच विचारलं त्यानं.

घरी आल्यावर गच्चीवर टाकलेला पाटा-वरवंटा आमच्या यांच्याकडून खाली आणवला. पाहुण्यांसाठी पुरण त्यावरच वाटणार. पुढच्या महिन्यात रेशमबाई माझी खोली तपासायला येते आहे. कागद भरायला नवऱ्याला बरोबर आणणार आहे. तो आता घरीच असतो.